झेल्याचें माहेर

रत्नागिरीच्या आंब्याची कीर्ति ऐकली नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळाच. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें आणि त्या कीर्तीवर सरकारी मोहरहि उठली. परंतु ज्या साधनानें तो आंबा झाडावरून अलगद उतरतो, त्या झेल्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. लांब काठी, तिच्या टोकाला वेताचें कडें आणि कड्याला सुताच्या जाळीची पिशवी, एवढाच त्याचा संसार!

आमच्या वडिलोपार्जित बागेंतला जुना झेला गेल्या वर्षीं मोडला. आम्हीं बाजारांतून लोखंडी कड्याचा एक आणला. त्यानें आंबे हिसडून काढले आणि अढी उघडून पाहतों तों निम्मे आंबे देठाशीं काळे पडलेले. तेव्हां घरांतल्या वडील मंडळींना आठवण झाली कीं, जुना झेला भाट्याच्या खाडीकांठच्या एका मच्छीमाराच्या घरून येत असे. या चैत्रांत आम्ही त्या घरीं गेलों.

वृद्ध गृहस्थांनीं ओटीवर घोंगडी अंथरली. “आजवर तुमचा गडी येत असे. घरचें माणूस आज पहिल्यानेंच आलें,” ते हंसून म्हणाले. बोलण्यांत तक्रार नव्हती. तरी आम्हांस तें लागलें. तीन पिढ्या त्यांच्या जाळींतून उतरलेले आंबे आम्हीं देवापुढें ठेविले, पण मासळीच्या वासाचें निमित्त करून या वाडींत पाऊल टाकलें नव्हतें. चहा पुढें आला, तोहि आम्हीं संकोचानें नको म्हटला. बाबा कांहीं बोलले नाहींत; त्यांनीं काम पुढें ओढलें.

वेत रात्रभर पाण्यांत भिजत घातलेला होता. तो निखाऱ्यांवर हळूहळू शेकीत, गुडघ्याला टेकून, ते थोडथोडा वांकवीत होते. घाई केली तर बाहेरच्या अंगाला चीर पडते. शेक अधिक झाला तर वेत करपून ठिसूळ होतो. गोल जमतांच दोन्ही टोकें तासून त्यांनीं एकावर एक बसविलीं, सुतळीनें आवळलीं आणि कडें सावलींत टांगलें. मग बांबूच्या चपट्या सुईवर गुंडाळलेलें सूत घेऊन पिशवीस आरंभ झाला. एका पट्टीच्या मापानें एकेक डोळा पडत होता. गांठ अशी कीं, एक धागा तुटला तरी शेजारचा डोळा सुटत नाहीं.

भिंतीशीं होडीवरचें हातजाळें टांगलेलें होतें. कडें तसेंच, गांठहि तीच! गळाला लागलेला मोठा मासा पाण्याबाहेर काढतांना आपल्याच भारानें सुटतो. म्हणून शेवटच्या हातभर अंतरासाठीं खालून हें जाळें धरावें लागतें. जपानांतहि ओढ्यांतले मासे उचलण्याच्या जाळ्याचें कडें झाडाची फांदी वांकवून करितात. त्याला तामो म्हणतात.

“मासा धडपडतो, आंबा पडतो. दोघांनाहि न दुखवितां हातीं घ्यायचें, एवढेंच आमचें काम,” बाबा म्हणाले.

आमच्या काळ्या आंब्यांचें कारणहि त्यांनींच सांगितलें. आंबा चौदा आणे तयार झाला म्हणजे काढावा. पण देठ मुळाशीं उपटला गेला तर चीक फळावर ओघळतो, साल डागाळते आणि त्याच वाटेनें कूज आंत शिरते. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘नूतन झेला’ काढला तो याचसाठीं. त्याचें पातें फळ देठासह कापतें. तसें एक पातें आम्हीं बरोबर नेलें होतें. बाबांनीं तें उलटसुलट पाहिलें, बोटानें धार अजमावली आणि वेताच्या कड्यावर घट्ट बांधून दिलें. “आतां आमच्या वेताला शाळेंत घातलात,” म्हणून ते हंसले. त्यांचे नातू मोठ्या यांत्रिक बोटींवर कामाला जातात. वेत वांकविण्यास आतां त्या घरांत दुसरा हात नाहीं.

वैशाखांत अढी उघडली. पेंढ्यांतून एकेक आंबा सोन्यासारखा निघाला. देठाशीं काळा एकहि नव्हता. देवापुढें पांच ठेविले आणि दोन डझन टोपलींत भरून, गड्याच्या हातीं न देतां, आम्हीच खाडीवर घेऊन गेलों. बाबांनीं एक आंबा उचलला, आधीं देठ पाहिला, मग वास घेतला. “साधला,” एवढेंच म्हणाले आणि आम्हांस आंत बोलाविलें.

या वेळीं चहा आम्हीं मागून घेतला.