ओळखा पाहू, कशाची वडी?

भुलाबाईच्या महिन्यात आमच्या घरातल्या बायकांना एकच ध्यास असायचा, खिरापत कुणाला ओळखू द्यायची नाही. भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाई ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसले, की थेट कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर जायच्या, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायच्या. गाणी संपली की त्या घरची बाई पदराआड झाकलेला डबा घेऊन ओसरीवर यायची. गोड की तिखट? खारं की आंबट? वाजवून दाखवा ना! डब्यात काय आहे ते सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, असा नेम. पुण्या-साताऱ्याकडे भोंडल्या-हादग्याला हेच चालतं. पण तिकडे तो नऊ किंवा सोळा दिवसांचा खेळ, आमच्याकडे पुरा महिना. महिनाभर रोज नवं काय करायचं, हा प्रश्न ज्या घरांना पडला त्या घरांतून आम्ही वाढलो. 1970-80 च्या दशकांत कारधा-भंडाऱ्यात वाढलेल्या आमच्या पिढीला नव्या चवीची चटक लागली ती या डब्यांमुळे. मिठाईची दुकानं फार पुढे आली.

वैनगंगेच्या एका काठाला भंडारा आणि दुसऱ्या काठाला कारधा. शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडे, त्यामुळे दिवसातून एकदा तरी घरातलं कुणी ना कुणी पूल ओलांडायचंच. पावसाळ्यात जुना लहान पूल पाण्याखाली गेला की बाजार लांबायचा आणि घरात आहे त्यातच भागवावं लागायचं. साखर रेशनकार्डावर मोजून मिळे. ओला नारळ पूजेपुरता, एरवी सुकं खोबरं. खोवा गवळ्याकडे आधी सांगून ठेवला तर. नव्या चवी शोधायच्या त्या एवढ्या सामानातून. माझं ठाम मत आहे, की हात आखडता होता म्हणूनच त्या बायकांची कल्पना इतकी धावली.

घरात आजी, मोठी आई, आई आणि काकू. चुली दोन, मतं चार. आम्ही चुलत-आत्ये भावंडं मिळून घरभर. मुलग्यांना भुलाबाईची गाणी म्हणायला कुणी बोलवत नसे, पण खिरापतीच्या वेळी तेच ओसरीच्या कडेला सर्वांत आधी हजर.

खिरापतीत वडीचा मान मोठा होता आणि त्याला कारण होतं. लाडू डब्यात गडगडतो, चिवडा खुळखुळतो, चकलीचा आवाज तर सराईत पोरीला लगेच कळतो. वडी मात्र मुकी. पळसाच्या पानांत थर लावून ती पितळी डब्यात घट्ट बसवली, की कितीही हलवा, ती काही बोलत नाही. डबा भंडाऱ्याचाच, आजीच्या लग्नातला. भंडाऱ्याची पितळी भांडी तेव्हा विदर्भभर जायची आणि त्या डब्याचं झाकण इतकं पक्कं होतं, की वाससुद्धा बाहेर पडत नसे. मोठी आई त्यातही पुढची. वरच्या पानावर मूठभर मुरमुरे टाकून ठेवायची. डबा वाजला की पोरी आनंदाने ओरडायच्या, "चिवडा हाये वं!" आणि ती शांतपणे म्हणायची, "नाई वं बाई, आणखी सांगा."

आमच्या घरची नाव काढावं अशी वडी होती शिंगाड्याची. भंडारा-गोंदियाचा मुलूख तलावांचा. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात आणि त्याच पाण्यात ढिवर समाजाची माणसं शिंगाडा लावतात. आश्विन लागता लागता पहिला तोडा बाजारात यायचा, हिरवे, लालसर, ओलेकंच शिंगाडे, पाण्याच्या वासासकट. उपासाला शिंगाड्याच्या पिठाची वडी सगळेच करत. काकूने ती ताज्या शिंगाड्याची केली. शिंगाडे उकडून, सोलून तिने पाट्यावर दुधाचा हबका मारत मारत वाटले. गोळा कढईत तुपावर घेतला आणि तो कडेने सुटेपर्यंत सराटा थांबू दिला नाही. मग साखर आणि वेलची. साखर पडली की मिश्रण पुन्हा सैल होतं, तिथे घाबरून पीठ टाकायचं नाही, परतत राहायचं, असं ती सांगायची. ताटाला तुपाचा हात, वर वाटीच्या बुडाने थापणं, आणि वडी पाडायची ती पूर्ण निवाल्यावर. शिंगाड्याला स्वतःचा तोरा नाही. तो खोव्यात खोव्यासारखा होतो, खोबऱ्यात खोबऱ्यासारखा, म्हणून जिभेवर ठेवल्यावरसुद्धा पोरींना सांगता येत नसे. खाऊन झाल्यावर काकू नाव सांगायची आणि सगळ्यांचे चेहरे बघत बसायची. तिच्या आयुष्यात तिला टाळ्या मिळाल्या त्या अशाच.

सीताफळाची वडी अवघड. गर शिजवला की कडवटतो, म्हणून खोवा-साखर आळून आल्यावर, कढई खाली उतरवून, मगच गर मिसळायचा. त्यामुळे ही वडी कधी पुरती घट्ट झाली नाही आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलीही नाही. ज्याचा पेठा होतो त्या पांढऱ्या कोहळ्याची वडी सोपी, पण सगळ्यांना ठाऊक. एकदा आजीने चिन्नोरच्या कण्या भाजून, दळून, गूळ-खोबऱ्यात वडी केली. चव फार सुरेख होती, पण चिन्नोर तांदळाचा वास त्या पितळी झाकणालाही दाद देईना, आणि ओसरीवर पाय ठेवताच पोरींनी ओळखली. आजीने ती पुन्हा कधी डब्यात भरली नाही. घरात मात्र आम्ही मागून मागून खाल्ली.

संत्र्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. बाबा कामानिमित्त नागपूरला जात. साठेक किलोमीटरचा रस्ता, एसटीचा प्रवास. एकदा त्यांनी हल्दीरामच्या दुकानातून संत्रा बर्फीचा डबा आणला. केशरी रंग, जिभेवर आधी गोड, मग संत्र्याची हलकीशी आंबट चुणूक. संत्री आम्ही पोत्यांनी पाहिली होती, सालींचा रस एकमेकांच्या डोळ्यांत पिळला होता, पण संत्र्याची बर्फी होते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मिठाई संपली, डबा आईने ठेवून घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराला एक काम लागलं.

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून उतरायला लागतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. एरवी कोजागिरीला संत्रं मिळालं तरी आंबटढाण. पण ज्या वर्षी अधिक महिना पडतो त्या वर्षी कोजागिरी ऑक्टोबरअखेरीस सरकते आणि तेव्हा बरं फळ हाती येतं. अशा एका वर्षी आईने आटत्या दुधात संत्र्याचा रस घातला. दूध फाटलं. मोठ्या आईने ते ओतू दिलं नाही. साखर घालून तसंच आटवलं आणि कलाकंदासारखी दाणेदार वडी निघाली, संत्र्याचा नुसता भास असलेली. ती कुणालाच ओळखता आली नाही. पण आईचं समाधान झालं नाही, तिला नागपूरची चव हवी होती.

ती चव हळूहळू सापडली. संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि बी एकही राहता कामा नये, नाहीतर आटवताना कडूपणा उतरतो. रस दुधात जाऊच द्यायचा नाही. तो वेगळ्या भांड्यात साखरेबरोबर मुरंब्यासारखा दाट करायचा. सुक्या खोबऱ्याचा कीस थोड्या दुधात भिजवून, खोव्यासोबत परतून कोरडा झाला की शेवटी तो दाट रस त्यात घालायचा. आणि खरा वास फळात नाही, सालीत आहे. सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसणीवर हलक्या हाताने उतरवायचा, पांढऱ्यापर्यंत जायचं नाही. हे आईने कुठे वाचलं नव्हतं. तिच्या बोटांना साल सोलताना जो वास लागायचा, तो वडीत का येत नाही, या एका प्रश्नाचा तिने पाठपुरावा केला होता. आज मोठमोठे आचारी हेच करताना पाहते तेव्हा मला आईचा फार अभिमान वाटतो.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि आमच्याकडे काकूच्या माहेराहून पोचलं. वाटी-चमच्याचं माप त्यात होतं, म्हणून ते घरातल्या साऱ्यांचं झालं. मग मासिकांची कात्रणं आली, दूध पावडरची वडी आली, कोको घातलेली दुरंगी वडी आली. ती मुलांना आवडे, आजीला नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत देशभरची माणसं नोकरीला होती. तिथल्या एका बंगाली कुटुंबाशी बाबांची ओळख झाली आणि थंडीत खजुराच्या गुळाचा संदेश आमच्या घरी आला. छेना घोटून इतका मऊ होतो हे पाहून मोठी आई थक्क झाली. पुढच्या महिन्यात तिने तो आपल्या साध्या गुळात करून पाहिला, आणि त्याचा वास गेले कित्येक दिवस नाकात बसलेल्या तिळगुळापेक्षा निराळा होता, एवढ्यावरच ती खूश.

आमची भाची आता अमेरिकेत मिशिगनला असते. तिने मॅकिनॉ बेटावरचा फज आणला, तेव्हा आम्ही सगळे त्या चौकोनी वडीभोवती जुन्या सवयीने बसलो. त्या बेटावर मर्डिक घराण्याने 1887 मध्ये मिठाईचं दुकान थाटलं आणि आजही तिथे संगमरवरी फरशीवर लोकांसमोर फज घोळतात. त्याच सुमाराला, 1888 मध्ये, तिकडच्या व्हॅसर कॉलेजातल्या एका मुलीने 30 पौंड फज केल्याचं तिच्या पत्रात आहे. पोरींच्या वसतिगृहांतून हा पदार्थ पसरला, हे ऐकून मला तो लगेच आपलासा वाटला. त्याचा पाकही आपल्याच ओळखीचा. गार पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी होते का पाहायची, साधारण 115 अंश सेल्सिअस. फरक पुढचा. ते पाक न हलवता निवू देतात आणि मग घोटतात, म्हणजे साखरेचे कण बारीक धरतात. आपण गरम असतानाच परतत राहतो, म्हणून वडीला तो रवाळपणा येतो. आणलेल्यातला एक लाल भोपळ्याचा होता, दालचिनी-जायफळ घातलेला. तिकडे तो ऑक्टोबर लागला की दुकानांत येतो. म्हणजे आमच्या भुलाबाईच्याच दिवसांत! मोठ्या आईचं वय तेव्हा बरंच झालेलं. तिने तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि पहिल्याच फटक्यात सांगितलं, "भोपळा हाये. जायफळ जास्त झालं."

आता भंडाऱ्याला काय मिळत नाही? पान बर्फी, गुलकंद बर्फी, चॉकलेटच्या दहा तऱ्हा, आणि आंब्याची वडी डिसेंबरात. मी नव्या चवींच्या विरोधात नाही. कशी असेन? आमचं सारं बालपण नव्या चवीच्या मागे गेलं. पण माझा आक्षेप बाटलीतल्या वासावर आहे. शिंगाड्याची वडी आश्विनात येई, संत्र्याची थंडीत, आणि मधले महिने तिची वाट पाहण्यात जात. ती वाट पाहणं चवीचा अर्धा भाग होतं. बारा महिने मिळणाऱ्या केशरी वडीत संत्र्याची साल कुणी किसलेली नसते, हे एका घासात कळतं.

आजी गेली, मोठी आई गेली. काकू आहे, पण तिच्याच्याने आता सराटा धरवत नाही. गेल्या काही वर्षांत कारध्यात भुलाबाई बसवणारी घरं कमी झाली. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध होतं, फोटो निघतात आणि मंडळी घरी जातात. मला याचं खरोखर वाईट वाटतं. त्या डब्यांमागे कितीतरी बायकांची हुशारी होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नोंदलेली नाही. आमच्या घरच्या वड्या मी आता एका वहीत लिहायला घेतल्या आहेत, कोणत्या महिन्यात, कोणत्या फळाची, साखर कधी घालायची आणि कढई कधी उतरवायची, हे सगळं काकूला शेजारी बसवून.

तुमच्याही घरी अशी कुणी काकू, मावशी, आत्या असेल. तिची वडी तिच्याकडून लिहून घ्या, या वर्षीच घ्या. आणि येत्या कोजागिरीला दुधाबरोबर एक झाकलेला डबाही गच्चीवर न्या, पोरापोरींना ओळखायला लावा. काय करावं सुचत नसेल तर शिंगाड्याची वडी करा. त्या सुमाराला शिंगाडे बाजारात येतातच. पीठ नका आणू, ताजेच घ्या.