आगरदांडा : तरीकडून पुलाकडे

रायगड जिल्ह्यात मुरूडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर तीरावर आगरदांडा आणि समोर दक्षिण तीरावर दिघी. दोन्ही गावे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. मात्र सडकेने जायचे तर तळा-म्हसळ्याकडून खाडीला मोठा वळसा घालावा लागतो.

या पाण्याचा व्यापाराशी संबंध फार जुना. खाडीच्या आतल्या टोकाशी असलेले मांदाड म्हणजेच ग्रीक प्रवासवर्णनातील ‘मंदगोरा’ बंदर, असे अनेक अभ्यासक मानतात. जवळच्या कुडा येथील बौद्ध लेण्यांत दाते म्हणून श्रेष्ठी आहेत, माळी आहेत आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. घाटमाथ्यावरचा व्यापारी या खाडीकाठी दान देतो, यावरून त्या काळच्या दळणवळणाची कल्पना येते.

खाडीच्या मुखावर जंजिरा उभा आहे. तो जिंकण्यासाठी छत्रपती संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगडांचा भराव टाकून वाट बांधण्याचा यत्न केला. मोगली आक्रमणामुळे ते काम अपुरे राहिले. या परिसरात पाण्यावरून वाट काढण्याचे स्वप्न असे तीन शतकांहून जुने आहे.

आज आगरदांडा-दिघी फेरीबोट माणसांबरोबर मोटारीही पलीकडे पोहोचवते. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे जाणाऱ्यांचा पुष्कळ वेळ आणि इंधन त्यामुळे वाचते. तरीही बोटीची वेळ, भरती-ओहोटी आणि पावसाळी वारा यांचे बंधन उरतेच. नाशवंत माल पाठविणाऱ्यास त्याची किंमत नेमकी ठाऊक असते. म्हणूनच रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाडीवर पूल योजिला आहे.

पूल वेळ वाचवितो, पण तो बांधून जबाबदारी संपत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी. गाड्यांसह अनेक प्रवासी वाहून गेले. त्याच नदीवरील आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा लोकांना पलीकडे नेण्यास पुन्हा फेरीबोटच धावून आली.

वहीत नफा लिहिताना घसाराही मांडावा लागतो, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. आगरदांड्याच्या पुलाचा हिशेबही तसाच आहे. बांधणीइतकीच देखभालीची तरतूद हवी आणि पूल झाल्यावरही धक्का व बोट मोडीत काढू नये. पाण्याने अडविलेल्या माणसाला दुसरी वाट शिल्लक असणे, हीच खरी पुंजी.