पहिल्या क्रमांकाची तळटीप

कोल्हापुरात जाहिरातीच्या धंद्यात मी दहा-बारा वर्षे काढली. धंदा म्हणजे काय, तर राजारामपुरीतल्या आणि महाद्वार रोडवरच्या दुकानदारांसाठी वीस-तीस सेकंदांच्या जाहिराती लिहायच्या आणि त्या कोणत्या रेडिओवर, कोणत्या वेळी वाजवायच्या ते ठरवायचे. या काळात एफएम वाहिन्यांचे कितीतरी प्रतिनिधी माझ्यासमोर लॅपटॉप उघडून बसले, आणि त्यांतला एकही दुसऱ्या क्रमांकाच्या वाहिनीचा नव्हता. जो येई त्याची वाहिनी पहिली. सुरुवातीला वाटे, यांतले कुणीतरी खोटे बोलत असणार. पुढे पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असलेली तळटीप वाचायला शिकलो. एक वाहिनी पहिली होती ती पंधरा ते चोवीस वयोगटात, दुसरी सकाळी सात ते अकरा या वेळेत, तिसरी वरच्या दोन आर्थिक वर्गांतल्या आणि स्वतःची दुचाकी असलेल्या श्रोत्यांत. खोटे कुणीच बोलत नव्हते. चौकट पुरेशी लहान केली की तिच्यात कुणीही पहिला येतो.

रेडिओ कोण किती ऐकतो याचे नियमित मोजमाप आपल्याकडे २००७ साली सुरू झाले. टॅम मीडिया रिसर्चची ती 'रॅम' नावाची योजना. निवडलेल्या श्रोत्यांना डायरी द्यायची, कधी आणि काय ऐकले ते त्यांनी टिपायचे, आणि त्यावरून आकडे काढायचे. पण ही व्यवस्था मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा महानगरांपुरती. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, जळगाव या गावांना २००५ च्या धोरणानंतर खासगी एफएम मिळाले, मोजणी मात्र मिळाली नाही. त्याचे कारण कुणाच्या दुष्टपणात नाही, संख्याशास्त्रात आहे. दीड कोटीच्या शहराचा कल जाणायला जितकी माणसे विचारावी लागतात, जवळजवळ तितकीच साडेपाच लाखांच्या शहरासाठीही लागतात (२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साधारण तेवढेच होते). मोजणीचा खर्च शहराबरोबर आक्रसत नाही. जाहिरातींचे उत्पन्न आक्रसते. मग कुणीतरी पदरचे पैसे घालून, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, स्वतःपुरती पाहणी करून घेतो. प्रतिनिधींच्या लॅपटॉपवरचे आकडे बहुधा असल्या पाहण्यांतले असत.

असल्या पाहण्या कशा होतात हे मला ठाऊक होते, कारण २००८ साली मी त्यांतली एक केली होती. विद्यापीठात शिकत होतो आणि फॉर्ममागे पैसे मिळत होते. कुणी करवून घेतली हे आम्हा पोरांना सांगितलेले नव्हते. काल दिवसभरात पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने कोणती वाहिनी ऐकली, असा प्रश्न होता. आता काल दुपारी सव्वातीन ते साडेतीन आपण काय ऐकत होतो, हे कोण सांगू शकेल? लोक प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करीत, मग कंटाळत, मग म्हणत, "लिही तुझ्या मनानं." अर्धवट फॉर्मचे पैसे मिळत नसत. पहिले दोन दिवस मी उन्हातून फिरलो. तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर बसून, भेळ खात, उरलेली चौकोने भरू लागलो. मनाने म्हणजे कुठल्या मनाने? 'लोक काय ऐकत असतील' हे मी ज्या समजुतीने ठरवीत होतो, तिने. तरुण आहे तर नवी हिंदी गाणी, मध्यमवयीन आहे तर जुनी हिंदी. मराठी गाण्यांवर एखाद-दुसरीच खूण केली, तीही फॉर्म खरा वाटावा म्हणून. शिवाजी पेठेतले एक घर मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्याकडे पुढे येतो.

त्याच चौपाटीवरच्या भेळेच्या गाड्यांनी मला या धंद्याविषयी बरेच शिकवले. एवढा मोठा तलाव, पण गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आणि भेळही थोड्याफार फरकाने तीच. हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्येच दाखवून दिले होते की दोन विक्रेते गिऱ्हाईक वाटून घेण्याऐवजी मध्यावर एकमेकांच्या शेजारी येऊन उभे राहतात. २००५ च्या धोरणात एका शहरात एका कंपनीला एकच वाहिनी, असा नियम होता. हेतू मक्तेदारी रोखण्याचा, म्हणजे चांगलाच. परिणाम असा की प्रत्येकाकडे एकच गाडी, मग ती आडबाजूला कोण लावील? एखाद्याकडे तीन असत्या तर तिसरीवर त्याने नाट्यसंगीत, लावणी, निदान गझल लावून पाहिली असती. २०११ च्या धोरणाने ती मर्यादा शहरातल्या वाहिन्यांच्या चाळीस टक्क्यांपर्यंत सैल केली. पण जिथे चारच वाहिन्या आहेत तिथे चाळीस टक्के म्हणजे १.६, म्हणजे पुन्हा एकच. बातम्यांतून वेगळेपण दाखवावे, तर खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची बंदी. २०११ नंतर सवलत मिळाली ती आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची. उरले काय? तीच गाणी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये अधिकाधिक वेगाने बोलणारा निवेदक. म्हणून इतका आटापिटा पहिल्या क्रमांकासाठी. माल सारखाच असला की पाटीच मोठी करावी लागते.

अर्थात मोजणी नीट झाली तर सत्य हाती लागते, असेही नाही. अमेरिकेत आर्बिट्रॉन ही कंपनी मध्यम शहरांतसुद्धा कित्येक दशके डायऱ्या वाटत असे. २००७ पासून मोठ्या शहरांत तिने त्याऐवजी पेजरएवढे एक यंत्र श्रोत्यांच्या अंगावर दिले. आसपास जे स्टेशन वाजेल ते यंत्र आपोआप ओळखी. तेव्हा दिसले की लोक डायरीत लिहीत त्याहून अधिक स्टेशने ऐकतात, फक्त प्रत्येक थोडा-थोडा वेळ. डायरीत ते आवडत्या स्टेशनचे नाव लिहून मोकळे होत. म्हणजे डायरी कान मोजत नव्हती, निष्ठा मोजत होती. मला ही बाब ऐकल्यावर जरा बरे वाटले होते, हे कबूल करतो. फरक इतकाच की त्या लोकांनी निदान स्वतःची निष्ठा लिहिली होती.

आता ते घर. संध्याकाळची वेळ. उंबऱ्यात साठीच्या एक आजी, मांडीशी जुना ट्रान्झिस्टर. सुया-खुंट्या मोडलेल्या, काटा जागेवरून हलू नये म्हणून वर रबर गुंडाळलेले. मी प्रश्न सुरू केला तसा त्यांनी हात वर केला. "थांब जरा बाळ, गुळाचा दर सांगाय लागलाय." आकाशवाणीवर बाजारभाव चालले होते. ते संपेपर्यंत मी उभा राहिलो. गावाकडे दिराचे गुऱ्हाळ होते, त्यात यांचाही वाटा. दर ऐकून त्या काहीतरी पुटपुटल्या, मग माझ्याकडे वळल्या. "कुठलं ठेसन ते काय ठावं न्हाई. पोरानं लावून दिलंय. मी नुसतं चालू करतो आणि बंद करतो." (आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना असेच पुल्लिंगी बोलतात.)

त्या आठवड्यात मी इतक्या दारांत उभा राहिलो, पण रेडिओ चालू आहे म्हणून मला थांबायला लावणारे ते एकच माणूस. फॉर्मवर आकाशवाणीला चौकोन नव्हता. ती 'इतर'मध्ये जायची. गाण्यांच्या प्रकारांत बाजारभाव नव्हते. शिवाय साठीचा कोटा भरलेला होता, मला पंधरा ते चौतीस वयातल्या बायका हव्या होत्या. मी विचारले, घरात आणखी कोण आहे? सून होती. वय अठ्ठावीस. आतून तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही, मीही बोलावले नाही. आजींनी पाणी दिले, ते प्यालो आणि कोपऱ्यावर जाऊन फॉर्म सुनेच्या नावाने भरला. त्या फॉर्मनुसार ती रोज दीड तास नवी हिंदी गाणी ऐकते.