पॅरिसच्या भिंतींवरच्या सायकली

पॅरिसला जाणारी आपली मंडळी आयफेल टॉवर, लूव्र आणि सीन नदीतली बोट एवढं उरकून परत येतात. ज्यांच्या हाती आणखी एखादा दिवस असेल त्यांनी तो सायकलींच्या जुन्या जाहिरातींना द्यावा. नदीकाठचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते त्यांच्या नकला विकतात. अस्सल माल आहे रिव्होली रस्त्यावरच्या सजावट-कलांच्या संग्रहालयात आणि मारे भागातल्या फोर्ने ग्रंथालयात. मात्र कागदाला उजेड मानवत नाही, त्यामुळे काय मांडलंय हे आधी विचारून जावं.

या पोस्टर्सचा बहर १८९० च्या दशकातला. १८८१ च्या कायद्याने जाहिराती चिकटवणं सोपं झालं. झ्यूल शेरेने दगडावरून रंगीत छपाई करून मोठाली पोस्टर्स काढली होतीच. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि सायकल कंपन्यांचं पेव फुटलं. यंत्रं साधारण सारखीच. मग वेगळेपण दाखवायचं कुठे? चित्रात! ग्लॅडिएटर कंपनीच्या पोस्टरवर तर एक विवस्त्र अप्सरा पंखांच्या पायडलची सायकल धरून ताऱ्यांतून उडते आहे. हेच चित्र वाइनच्या बाटलीवर आलं, तेव्हा २००९ साली आपल्या इथल्या अलाबामा राज्याने ती वाइन विकायला बंदी केली. शंभर वर्षांनंतरही बाई उडते आहे, म्हणजे जाहिरात अजून चालू आहे म्हणायची!

आमच्या सौ.चं लक्ष मात्र विजार घालून सायकल चालवणाऱ्या बायकांकडे. पॅरिसमध्ये १८०० सालच्या हुकुमाने बायकांना विजार घालायला पोलिसांची परवानगी लागे. १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी सूट दिली, पण हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तरच! तो हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने जाहीर केलं २०१३ साली.

माझ्यासारख्या इंजिनियरला खरी गंमत वाटली तुलूझ-लोत्रेकच्या चित्रांची. लहानपणी दोन्ही मांड्यांची हाडं मोडून त्याचे पाय खुंटले होते. पण सायकल शर्यतींचं त्याला भारी वेड. १८९६ मध्ये सिम्पसन चेनच्या जाहिरातीसाठी त्याने जिमी मायकेल या वेल्श शर्यतपटूचं चित्र केलं. कंपनीच्या माणसाने ते नापसंत केलं. कारण काय, तर सायकलचे यांत्रिक तपशील चुकलेत! लोत्रेकने ते स्वतःच्या खर्चाने छापलं आणि कंपनीला दुसरं चित्र करून दिलं.

आता ती चेन बघा. त्रिकोणी कड्यांची. दावा असा, की तरफेच्या तत्त्वाने सायकलस्वाराला जास्त ताकद मिळते. काम म्हणजे बल गुणिले अंतर, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही कळेल की चेन बदलून फुकटची ऊर्जा मिळत नाही. ती चेन लवकरच बाजारातून गेली. चित्रकाराच्या चुका काढणाऱ्यांचं मूळ यंत्रच पोकळ होतं, आणि त्यांनी नाकारलेलं पोस्टर आज संग्रहालयं जपून ठेवतात.

विकत घ्यायचं असेल तर सोबत भिंग न्या. दगडावरच्या छपाईत रंगाचे कण वेडेवाकडे दिसतात. आजच्या नकलेत ठिपक्यांच्या नेटक्या ओळी असतात.

आणि ते भिंग सुट्टीत घरीही न्या. रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला तो १८९४ साली, दगडावरच्या याच रंगीत छपाईचा. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजी-आजोबांच्या देवघरांत होत्या. फ्रेंचांनी रस्त्यावरचा कागद संग्रहालयात नेला. आपल्याकडे वाडा पाडताना देवघरातला कागद रद्दीत जातो. पुढचा वाडा पडायच्या आत माळ्यावर एकदा बघून घ्या.