जास्तीचं भरून येणं

स्टेंट टाकलेली धमनी काही महिन्यांत पुन्हा बारीक होते, तेव्हा "तेलकट खाल्लं का?" असं घरचे रुग्णालाच दटावतात. मला ते ऐकवत नाही. अशा वेळी आत बहुधा नवी चरबी नसते; जखम गरजेपेक्षा जास्त भरून आलेली असते. बलून फुगवताना धमनीचं अस्तर दुखावतं, मधल्या थरातल्या स्नायुपेशी वाढू लागतात, आत सरकतात आणि स्टेंटच्या जाळीवर थर चढवतात. धमनीच्या आतून प्रकाशाने चित्र घेणाऱ्या ओसीटीच्या पडद्यावर हे स्पष्ट दिसतं: तारांचे चकाकते ठिपके गोलात मांडलेले, प्रत्येकामागे सावली, आणि ठिपक्यांच्या आतल्या अंगाला पेशींचा जाड पट्टा. रक्ताला उरते ती मधली चिंचोळी वाट.

औषध नसलेल्या साध्या स्टेंटच्या काळात साधारण चार-पाच जणांत एकाच्या वाट्याला हे यायचं. मधुमेह, बारीक धमनी, लांबलचक ब्लॉकेज यांनी बरंचसं उलगडायचं, सगळं नाही. म्हणून शोध जनुकांकडे वळला. एसीई या जनुकात २८७ अक्षरांचा एक तुकडा काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो. आई-वडील दोघांकडूनही तुकडा नसलेली प्रत मिळालेल्यांच्या, म्हणजे डीडी प्रकारच्या लोकांच्या रक्तात एसीई हे एन्झाइम जास्त असतं. त्याच्यामुळे तयार होणारं अँजिओटेन्सिन स्नायुपेशींना वाढायला लावतं. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या स्टेंटमधली वाट जास्त आकसलेली आढळली. मग तर्क सरळ होता: एन्झाइम अडवणारी गोळी द्या. डीडी रुग्णांना क्विनाप्रिल देऊन पाहिलं गेलं. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, तो उलटा. गोळी घेणाऱ्यांच्या धमन्या अधिक आकसल्या होत्या. त्याआधीच म्युनिकच्या मोठ्या अभ्यासात या जनुकाचा संबंधच दिसला नव्हता. शिकाऊ डॉक्टरांना मी 'लॅन्सेट'मधला तो शोधनिबंध आवर्जून वाचायला लावतो.

तरी माणसाच्या घडणीचा यात काहीच हात नाही, असं मी म्हणणार नाही. म्युनिकच्याच डॉ. कास्त्राती यांनी १९९८ मध्ये दाखवलं की एकाच रुग्णाचा एक स्टेंट आकसला, तर त्याचा दुसराही आकसण्याचा धोका सुमारे अडीच पट असतो. पण आमच्याकडचे एक काका आहेत. एकाच दिवशी बसवलेल्या त्यांच्या दोन स्टेंटपैकी डावीकडचा स्वच्छ, उजवीकडचा जवळजवळ बंद. जनुकं तर दोन्हीकडे तीच! उजवीकडे कॅल्शियम होतं, आणि तिथली जाळी पुरती उघडलेली नव्हती.

उत्तर आलं ते वेगळ्याच वाटेने. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या सुरेन सहगल यांच्या गटाने सिरोलिमस हे औषध वेगळं काढलं. ते पेशींचं विभाजनच थोपवतं. कोणाचं जनुक कुठलं, हे त्याला विचारावं लागत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये साओ पावलोला एदुआर्दो सौझा यांनी ते लावलेला स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला, आणि पुढच्या काही वर्षांत आकसण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं.

उरलेल्यांसाठी मात्र अजून हाताचंच काम आहे. कठीण ब्लॉकेजमध्ये बलून फुगतो तेव्हा मधोमध डमरूसारखी कंबर दिसते. प्रेशर वाढवत जायचं, नजर तिच्यावरून हलवायची नाही. ती नाहीशी झाल्याशिवाय स्टेंट बसवायची घाई करू नये, या मताचा मी आहे. बलूनने नाही जमलं तर कॅल्शियम फोडायची साधनं आहेत.

"डॉक्टर, जीन टेस्ट करून घेऊ का बाबांची?" असं मुली हल्ली विचारतात. गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल लागू पडतं का हे सांगणारी एक चाचणी आहे, पण तो प्रश्न रक्ताच्या गुठळीचा, आकसण्याचा नव्हे. मी सांगतो, ते पैसे राहू द्या, बाबांची साखर आवरा. जिना चढताना छाती पुन्हा भरून आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, सरळ या. आणि येताना स्टेंटचं कार्ड व जुनी सीडी आणा: कोणत्या मापाचा, कुठे बसवलाय, हे मला आधी पाहायचं असतं.