काळी साडी, ओलं धुकं आणि तीन साक्षीदार

'काळी साडी? लग्नात? वेडबिड लागलंय का तुला?'

हे वाक्य मी वर्षभरात इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्याची रिंगटोनच करून टाकावी म्हणते.

त्याचं काय आहे, येत्या पावसाळ्यात माझं लग्न आहे. होणारा नवरा (शॉर्टमध्ये 'होन'. शिवकालीन सोन्याचं नाणं. भाव मात्र त्याहून जास्त खातो!) कॅथलिक, आणि मी ठाण्याची टिपिकल मराठी मुलगी. त्याच्या ममाला नवरी पांढऱ्यात हवी. माझ्या आईच्या पोटात पांढरं म्हटलं की गोळा येतो. आणि मला हवा काळा.

माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय. धुकं, ओली लाल माती, कंदिलांचा पिवळा उजेड, वाइन रंगाची फुलं आणि काळी साडी. फॅशनवाले याला 'मूडी वेडिंग' म्हणतात. गडद रंग, मंद उजेड, थोडंसं उदास वाटेल असं वातावरण. डीजे नाही, लेझर नाही, स्टेजवर ती सिंहासनासारखी खुर्ची तर अजिबातच नाही.

आता असं धुकं आणायचं कुठून? हॉलवाले मशीनचा धूर सोडतात, पण त्यात पंगतीतले आजोबा खोकून खोकून बेजार होतात. खरं धुकं हवं असेल तर पावसाळ्यात घाट चढायला हवा. लोणावळ्याचा विचार केला, पण तिथल्या वीकेंडच्या ट्रॅफिकमध्ये नवराच मुहूर्ताला पोचायचा नाही. मग गेल्या जुलैत माथेरानची रेकी करायचं ठरलं. होनला ऑफिसमधून सुट्टी मिळेना. एकटीच निघणार, तेवढ्यात आई म्हणाली, 'मी येते.'

काळ्या साडीवरून आम्ही दोघी आठवडाभर धड बोलत नव्हतो. त्यामुळे मी जाम चकित!

गाड्या जिथे थांबतात

ठाण्याहून कर्जत लोकल, नेरळला उतरायचं, तिथून शेअर टॅक्सीनं दस्तुरी नाका. त्यापुढे टॅक्सी जात नाही. माथेरानची हीच तर गंमत आहे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आला आणि साहेबांना थंड हवेचं नवं ठिकाण मिळालं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून वर छोटी गाडी आणली. २००३ मध्ये हा सगळा परिसर केंद्र सरकारनं इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केला. दस्तुरीपासून पुढे चालायचं, घोड्यावर बसायचं, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून शटल पकडायची. नेरळहून येणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते, वरची शटल मात्र सुरू असते.

वरातीसाठी घोडा शोधत फिरणाऱ्या मुंबईकरांनो, इथे घोडेच घोडे आहेत! होनला फोन करून सांगितलं. त्याला घोड्याची भीती वाटते. तो म्हणाला, 'मी चालत येतो.'

प्रवेश कराची पावती घेताना आई एकदम म्हणाली, 'तुझ्या बाबांबरोबर मी इथूनच हातरिक्षात बसले होते.'

आईबाबांचं लग्न डिसेंबर १९९५ मधलं. त्या काळातल्या अर्ध्या महाराष्ट्रासारखे तेही हनिमूनला माथेरानला आले होते, हे मला माहीत होतं. रिक्षाचं माहीत नव्हतं.

'एक पुढून ओढायचा, दोघं मागून ढकलायचे. बाबा अर्ध्या वाटेत उतरले. म्हणाले, मला नाही बघवत. मी मेली नवी नवरी, बसून राहिले. तेव्हा काही वाटलं नाही गं. आता लाज वाटते.'

माणसानं माणसाला ओढायच्या या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ई-रिक्षांची चाचणी इथे डिसेंबर २०२२ मध्येच सुरू झाली होती. पण आम्ही दोघी चालतच निघालो. जांभूळ, हिरडा, अंजनीची झाडं, खाली लाल चिखल, वर माकडं. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. छत्री असून नसल्यासारखी. माझं चित्र जसंच्या तसं समोर उभं होतं!

लोकेशन: फुल मार्क्स

लाल कौलांच्या एका जुन्या बंगल्याचा व्हरांडा मला बघताक्षणी आवडला. चाळीस माणसं आरामात बसतील. मॅनेजरदादांनी आधी तारीख विचारली, मग चमत्कारिक नजरेनं बघितलं. 'मॅडम, चातुर्मासात लग्न?'

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आपल्याकडे सहसा मुहूर्त नसतात. म्हणूनच हॉल रिकामे, केटरर मोकळे, आणि वीकडेला खोल्यांचे भाव उतरलेले. देव झोपलेत तोवर गुपचूप उरकून घ्यायचं, असा साधा हिशेब.

तुम्हालाही असं काही करायचं असेल तर माझ्या वहीतल्या चार गोष्टी उतरवून घ्या. माणसं चाळीसच्या वर बोलावू नका, कारण प्रत्येकाला वर आणायचं आहे. ज्येष्ठांना आदल्या दिवशीच आणा. फोटो दुपारी चारच्या आत काढून घ्या; धुक्यात उजेड मऊ असतो खरा, पण लवकर संपतो. भरजरी सिल्क विसरा, ते एकदा भिजलं की मेलंच. इरकल किंवा कॉटनची साडी, खणाचा ब्लाउज, खाली सरळ गमबूट. साडी चार बोटं वर नेसली की झालं. फुलं जपून निवडा. गुलाब पावसात मान टाकतात, कोंबडा आणि गडद शेवंती टिकून राहतात. आणि कंदील काचेचेच घ्या, कागदाचे आकाशकंदील पाच मिनिटांत लगदा होतात (हे ट्राय करून झालंय, आमच्याच गॅलरीत).

काळ्याचा गुन्हा काय?

संध्याकाळी व्हरांड्यात चहा घेताना मी पुन्हा विषय काढला. वकिलासारखी तयारी करूनच आले होते.

पांढऱ्या गाउनची फॅशन जगभर पसरली ती १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणी पांढऱ्यात लग्नाला उभी राहिली तेव्हापासून. त्याआधी युरोपातल्या मुली त्यांच्याकडे असेल तो चांगला ड्रेस घालायच्या. म्हणजे ज्याला आपण 'परंपरा' म्हणतो तिलाही कधीतरी सुरुवात झालेली असते. आणि आपल्याकडे काय? मंगळसूत्रातले मणी काळे. नवरीच्या गालाला दृष्ट लागू नये म्हणून लावलेलं बोट काजळाचं, म्हणजे काळंच. लग्नानंतरची पहिली संक्रांत काळ्या चंद्रकलेत, वर हलव्याचे दागिने. मग लग्नाच्या दिवशीच काळ्यानं काय पाप केलंय?

'आणि भटजी नकोत हेही मी अमेरिकेतून आणलेलं नाही,' मी पुढे म्हटलं. '१८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय लग्न लावून दाखवलं. पुण्यात!'

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

आईची यादी

तिच्या अक्षरात व्यवस्थित नंबर घातलेले होते. हळद – मोठी काकू, आत्या, शेजारच्या वहिनी. ओटी – मामी. औक्षण – काकू. कन्यादान – काका-काकू. शेवटी 'इतर' असं लिहून खाली: किल्ल्या, आहेराची बॅग, जेवणाचं बघणं – मी.

मी यादी दोनदा वाचली. काळ्या साडीचं भांडण साडीचं नव्हतंच.

माझे बाबा २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून आई हळदीकुंकवाला जात नाही. कुणी बोलावलं तर 'गुडघा दुखतो' म्हणते. मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात ती स्टोअररूममध्ये नारळ मोजत बसली होती. मी तेव्हा फोटो काढण्यात बिझी होते.

'मला तुझं कौतुक नाही असं नाही,' ती म्हणाली. 'पण लोक म्हणतील, आई अशी आणि मुलगी काळ्यात उभी. माझं काही तुला लागू नये, एवढंच.'

वकिली तयारी सगळी संपली. काय बोलणार?

हेरवाडचं नाव मी ऐकलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, सगळं बंद. मग राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, 'ऐकलंय. पण आपल्या सोसायटीत कोण ठराव करणार?'

तीन सह्या

सकाळी पाऊस थोडा ओसरला. शार्लोट लेकवर गेलो. तलावाचं पाणी बांधावरून वाहत होतं. काठावर पिसारनाथाचं देऊळ. आई दर्शन घेऊन आली आणि आम्ही ओल्या दगडावर प्लास्टिकची पिशवी पसरून बसलो.

आमचं लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली होणार आहे. १९५४ चा कायदा. धर्म न बदलता लग्न करायची सोय. जिथे दोघांपैकी एकजण किमान तीस दिवस राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती तीस दिवस लावली जाते. कायदेशीर आक्षेप आला नाही तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं, नाहीतर नोटीस पुन्हा. त्यामुळे सह्या ठाण्यात, आणि दोन दिवसांनी चाळीस माणसं माथेरानला, असा आमचा प्लॅन.

'समारंभ कसाही करा, असं कायदाच म्हणतो,' मी आईला सांगितलं. 'फक्त अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना एक वाक्य म्हणायचं, की मी तुझा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करतो. आपल्याला कळेल त्या भाषेत. मी मराठीतच म्हणणार आहे. साडीच्या रंगाबद्दल कायद्यात अवाक्षर नाही.'

'बरं.'

'आणि साक्षीदार सवाष्ण हवी असंही कुठे लिहिलेलं नाही.'

आई पाण्याकडे बघत राहिली.

'एक साक्षीदार त्याची ममा. एक माझी मैत्रीण. तिसरी तू. त्या दिवशी तुझी सही नसेल तर लग्नच होणार नाही. किल्ल्या काकू सांभाळेल.'

तिनं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. आपण सगळे पिंटरेस्टवर फुलांचे, कंदिलांचे, केकचे फोटो सेव्ह करत बसतो. कुणाला कुठे उभं करायचं आणि कुणाला स्टोअररूममध्ये ठेवायचं, याचा बोर्ड कुणी बनवत नाही. मीही बनवला नव्हता. लग्न 'हटके' करायचं म्हणून मी वर्षभर साडीचा रंग शोधत होते, आणि आई तोवर स्वतःला यादीच्या तळाशी लिहून मोकळी झाली होती.

परतताना बाजारात चिक्की घेतली, आईनं चपलांचा भाव केला आणि घेतल्या नाहीत. शटलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. काचेवर धुकं, बाहेर काहीच दिसत नव्हतं.

'हातरिक्षातून बाबा उतरले ना,' ती मधेच म्हणाली, 'तेव्हा त्यांना रिक्षावाला म्हणाला होता, साहेब, बसा की, सगळेच बसतात. तरी नाही बसले.'

मी काहीच बोलले नाही. कधी गप्प बसायचं ते एवढं तरी कळतं मला.

काळी साडी तिला अजूनही पसंत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तिची १९९६ च्या संक्रांतीची चंद्रकला ट्रंकेत आहे. ती मी माथेरानला नेसू का, हे अजून विचारलेलं नाही. एका ट्रिपमध्ये एकच लढाई.

नेरळला प्लॅटफॉर्मवर लोकलची वाट बघताना तिनं पर्समधून ती यादी काढली, पेन मागितलं, आणि 'इतर' खालची 'मी' खोडली.

मग म्हणाली, 'ती सही मराठीत केली तर चालते ना गं?'

चालते, आई. धावते!