कानाचे दुखणे आणि घशाची तपासणी

ऐकणे, वास घेणे, गिळणे आणि बोलणे ही कामे वेगवेगळी असली, तरी कान, नाक आणि घसा यांच्या पोकळ्या आतून एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे वैद्यकात या तिन्ही अवयवांचा विचार एकत्रच केला जातो. या जोडणीतील महत्त्वाचा दुवा म्हणजे युस्टेशियन नलिका, अर्थात कानाच्या पडद्यामागील हवेची पोकळी (मध्यकर्ण) आणि नाकामागचा घशाचा वरचा भाग यांना जोडणारी वाट. प्रौढ माणसात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची ही नलिका एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात, आणि त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा राहतो.

श्रवणाची मदार या समतोलावर असते, कारण पडद्याची कंपने हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांच्या साखळीतून अंतर्कर्णातील द्रवापर्यंत पोहोचतात. नलिका बंद राहिली की मध्यकर्णातील हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि मागे पाणी साठते. लहान मुलांत ही नलिका आखूड व अधिक आडवी असते, शिवाय नाकामागील ॲडेनॉइड ही ग्रंथी वाढली तर नलिकेचे तोंड अडते. म्हणूनच, हाक मारूनही लक्ष न देणारे मूल हट्टी ठरवण्याआधी त्याचे कान आणि नाक दोन्ही तपासायला हवेत.

कुशल वैद्याची खरी कसोटी मात्र कान निरोगी दिसत असूनही दुखतो तेव्हा लागते. नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क चेतांच्या शाखा घशाकडे जातात तशा कानाकडेही जातात, त्यामुळे जिभेचे मूळ, टॉन्सिल किंवा स्वरयंत्र यांतील आजाराची वेदना कानात जाणवू शकते. असा आजार शोधायचा तर घशात आत पाहावे लागते. मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले आणि पुढे ही पद्धत वैद्यकात रूढ झाली. आज दुर्बिणीने तोच भाग कितीतरी स्पष्ट दिसतो. तेव्हा कारण न सापडणारी कानदुखी टिकून राहिली, विशेषतः रुग्णाला तंबाखूचे व्यसन असेल, तर घसा नीट पाहिल्याशिवाय कोणत्याही वैद्याने त्याला निर्धास्तपणे घरी पाठवू नये.